भांडणाची तालीम

मंगळवारी सव्वाबाराचा खेळ,
तिकीट निम्म्या दरात म्हणून.
सातारा रोडवरच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
आम्ही धरून अकरा माणसं,
आणि एसी इतका, की अवधूतने
रुमालाची घडी मोडून डोक्यावर घेतली.

सिनेमा बरा होता.
म्हणजे, वाईट नव्हता.
म्हणजे, थांबा, नीट सांगते.

नायिका कर्वेनगरहून स्कूटरवर निघते,
तोंडाला ओढणी नाही, डोक्यावर काही नाही,
केस मोकळे, आणि पुढच्याच क्षणी पाषाणचं तळं.
मध्ये एकही सिग्नल लागत नाही.
नायकाला डेक्कनवर, भर संध्याकाळी,
पहिल्याच फटक्यात गाडी लावायला जागा मिळते.
इथे मी हसले.
पण तो विनोद नव्हता त्यांचा.

गोष्ट अशी, की दोघांना खोली हवी,
आणि घरमालक सबनीस लग्न झालेल्यांनाच देतात.
म्हणून खोटं मंगळसूत्र, खोटा अल्बम.
तरी सबनीसांना संशय :
इतकं गोड बोलणारी माणसं
नवरा-बायको कशी असतील?
मग रोज रात्री साडेनऊला
दोघं बसतात भांडणाची तालीम करत.

मी कौटुंबिक न्यायालयात लघुलेखिका.
एकोणीस वर्षं लोकांची भांडणं
टाइप केली, दोन ओळींत अंतर सोडून.
‘जाबदार ओला टॉवेल पलंगावर टाकतो,
अर्जदाराने वारंवार सांगूनही.’
हे वाक्य माझ्या बोटांतून गेलंय,
तीन प्रतींत.

पडद्यावरही टॉवेलच होता.
ती म्हणाली, “उचल.”
तो म्हणाला, “तूच उचल.”
“असं नाही रे,” ती म्हणाली, “जरा दमून म्हण,
सात वर्षं तेच म्हणत आल्यासारखं.”
तो पुन्हा म्हणाला. ती पुन्हा.
चौथ्या खेपेला दोघंही फुटली हसून,
मीही हसले, मोठ्याने, एकटीच,
आणि घशाशी काहीतरी अडकलं.
पॉपकॉर्नचं साल असेल.

मध्यंतरानंतर मात्र त्यांनी
सगळं जमवायला घेतलं.
एका फोनने मिटला असता असा गैरसमज
पाऊण तास ताणला.
परदेशातलं एक तळं आलं, कुणी न बोलावता.
नायकाचा जाडा मित्र नुसता खात राहिला.
त्याला घर नाही, आई नाही, आडनावसुद्धा नाही,
खातो आणि सल्ले देतो.
मला सारखं वाटत होतं,
संध्याकाळी हा कुठे जात असेल?
शेवटी लोहगावच्या विमानतळावर नायक धावतो,
कुणी ओळखपत्र मागत नाही,
आणि रडणारं बाळसुद्धा टाळ्या वाजवतं.

पण एक जागा.
सबनीस खाली, अंधारात,
वरचं भांडण ऐकत बसलेत कान देऊन.
वर दोघं थकून झोपतात.
मग सबनीस समोरच्या रिकाम्या खुर्चीला
अगदी हळू म्हणतात, “उचल.”
बस्स, एवढंच.
अजून अर्धं मिनिट कॅमेरा तिथे राहिला असता
तर मी पूर्ण दराचं तिकीट काढलं असतं.
पण दिग्दर्शक घाबरला,
लगेच ढोल, लगेच रंगीत छत्र्या.

बाहेर पार्किंगची चिठ्ठी सापडेना.
“तुझ्याकडे दिली होती.”
“माझ्याकडे कधी काय देतेस तू?”
“पाकिटात बघ.”
“पाकिटातच बघतोय.”
आमच्या मागे एक जोडी खोळंबलेली.
मुलीने ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते,
आणि ते डोळे आमच्याकडे बघून
असे हसत होते
जशी आम्ही दोघं फार चांगलं काम करत होतो.

चिठ्ठी निघाली रुमालात.

“कसा वाटला?” हेल्मेटचा पट्टा ओढत त्याने विचारलं.
“बरा. तू तर घोरत होतास.”
“टॉवेलपर्यंत जागा होतो,” तो म्हणाला,
आणि गाडी सुरू व्हायला
दोनदा बटण दाबावं लागलं.